पिन लावणार कोण?

शिक्षकांच्या एका शिबिरात ऊर्जेवरचे सत्र संपवून आम्ही चहाला थांबलो होतो. तेथे सांगलीकडच्या, विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, “पेट्रोलची गाडी महाग पडते. नुसत्या विजेवरची घ्यावी, तर वाटेत चार्ज संपला म्हणजे काय करायचे ही धास्ती. मग रात्री पिन लावून चार्ज करता येते आणि शिवाय टाकीत पेट्रोलही भरता येते, अशी दोन्ही सोयींची गाडी सगळ्यात चांगली, नाही का?” प्रश्न सरळ होता आणि ‘हो’ म्हणून मोकळे व्हावे असाच होता. आम्ही ‘कोण चालवणार त्यावर अवलंबून आहे’ असे काहीतरी मोघम बोललो. बाईंचे समाधान झाले नाही, आमचेही नाही. हा लेख म्हणजे त्या अर्धवट उत्तराचा उरलेला भाग.

सुरुवात ब्रिटनपासून करू, कारण अशा गाड्या तिकडे बरीच वर्षे वापरात आहेत. तेथे अनेक कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना गाडी देतात आणि तिच्या पेट्रोलचा खर्चही सोसतात. २०१८ साली अशा सुमारे दीड हजार गाड्यांच्या इंधनाचा हिशेब तपासला गेला. कागदोपत्री त्या लिटरला सरासरी ४६ किलोमीटर जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात गेल्या १४. आणखी एक गोष्ट पुढे आली. वापरून परत आलेल्या काही गाड्यांमध्ये चार्जिंगची केबल मूळ वेष्टनातच होती. म्हणजे ती एकदाही भिंतीला लागलेली नव्हती! त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या गाड्यांच्या खरेदीला दिले जाणारे अनुदान बंद केले.

४६ आणि १४. फरक तिपटीहून जास्त आहे, पण गाडीत बिघाड नव्हता. ४६ हा आकडाही नियमाप्रमाणेच काढलेला होता. मग हा फरक आला कोठून? त्यासाठी गाडीच्या आत डोकवावे लागेल.

ज्वारी आणि गाडी

‘हायब्रिड’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो ज्वारीमुळे. दोन वाणांचा संकर म्हणजे हायब्रिड. गाडीच्या बाबतीत संकर होतो तो इंजिन आणि विजेची मोटर यांचा. पण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातींच्या गाड्या विकल्या जातात आणि तेथे गोंधळ होतो.

पहिली जात साधी हायब्रिड. हिची बॅटरी लहान, एक-दोन युनिटांची. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिट, एक किलोवॅट-तास. या लेखात सगळा हिशेब आपण त्यातच करू.) ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि पुन्हा निघताना वापरायची, इंजिनाला सोयीच्या वेगाने चालू द्यायचे, एवढेच या बॅटरीचे काम. हिला पिन नसते. आपल्याकडे २०२२ पासून अशा गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांचे वर्णन ‘स्वतःच चार्ज होणारी’ असे केले जाते, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकाने तेथे जरूर थांबावे. स्वतः चार्ज होणारी गाडी म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला रजा! त्या बॅटरीतला प्रत्येक कण शेवटी पेट्रोलमधूनच आलेला असतो.

दुसरी जात म्हणजे प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी साध्या हायब्रिडपेक्षा बरीच मोठी, साधारण दहा ते वीस युनिटांची. ती भिंतीवरच्या सॉकेटला पिन लावून भरता येते. भरलेली असेल तोवर गाडी मुख्यतः विजेवर धावते, संपत आली की इंजिन सुरू होते आणि तेथून पुढे ती साध्या हायब्रिडसारखी वागते. चीनच्या बीवायडी कंपनीने २००८ च्या अखेरीस अशी गाडी बाजारात आणली, अमेरिकेत डिसेंबर २०१० मध्ये शेव्हरोले व्होल्ट आली. भारतात मात्र आतापर्यंत मोजक्या आणि महागड्याच प्लग-इन गाड्या आल्या आहेत.

नुसत्या विजेवरच्या गाडीला इंजिनही नाही आणि टाकीही नाही. त्यामुळे ओळखायची खूण सोपी. पेट्रोलचे झाकण आहे का? पिन लावायची जागा आहे का? दोन्ही असतील तर प्लग-इन.

एक लिटर आणि एक युनिट

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ९ युनिट उष्णता मिळते. मध्यम आकाराची पेट्रोल गाडी शंभर किलोमीटरला ६ लिटर पेट्रोल पिते असे धरू. म्हणजे ५४ युनिट. तेवढीच विजेची गाडी त्याच अंतराला साधारण १५ युनिट घेते. चाकांना लागणारे काम दोघींचे जवळजवळ सारखेच. उरलेली ऊर्जा पेट्रोलच्या गाडीत रेडिएटर आणि धुराड्यावाटे उष्णता होऊन जाते. उष्णतेचे पूर्णपणे कामात रूपांतर करता येत नाही, हे उष्मागतिकीचे बंधन इंजिनाला आहे, मोटरला नाही.

मग पेट्रोल टिकून कसे राहिले? तर वजनामुळे. एक किलो पेट्रोलमध्ये १२ युनिट ऊर्जा असते. गाडीतल्या बॅटरीचा पूर्ण संच धरला, तर त्याच्या एका किलोत साधारण ०.१५ युनिट मावते. म्हणजे ८० पट फरक! मोटरची कार्यक्षमता हिशेबात घेतली तरी वीस-बावीस पट उरतोच. चारशे किलोमीटरच्या प्रवासाला २४ लिटर, म्हणजे १८ किलो पेट्रोल पुरते. त्याच प्रवासाला ६० युनिटांची बॅटरी लागते आणि तिचे वजन भरते ४०० किलो. हे वजन दुकानात भाजी आणायला जातानाही बरोबर न्यावे लागते.

प्लग-इन हायब्रिडची मूळ कल्पना येथून निघाली आणि ती खरोखर हुशारीची आहे. आपण रोज चारशे किलोमीटर कोठे जातो? बहुतेक दिवस घर, शाळा, बाजार. पंधरा-वीस, फार तर चाळीस किलोमीटर. तेवढ्यापुरती बारा युनिटांची बॅटरी ठेवावी (त्यातली दहाएक युनिटच वापरायला मिळतात, उरलेली बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून राखून ठेवलेली असतात). त्यावर पन्नास किलोमीटर जाता येते. वर्षातून चार वेळा गावी जायचे असेल तेव्हा पेट्रोल आहेच. मोठ्या बॅटरीचे ओझे नाही, वाटेत अडकण्याची भीती नाही.

फक्त या कल्पनेत एक गृहीत दडलेले आहे. रोज रात्री कोणीतरी पिन लावेल, हे ते गृहीत.

सरासरी कोणाची?

आता ४६ आणि १४ कडे परत जाऊ. समजा, एक प्लग-इन गाडी पेट्रोलवर धावताना शंभर किलोमीटरला ७ लिटर घेते. दोन-दोन यंत्रे अंगावर असल्याने ती तशी जडच असते. विजेवर धावताना पेट्रोल शून्य. एकूण अंतरातले ८० टक्के विजेवर गेले, तर शंभर किलोमीटरला १.४ लिटर, म्हणजे लिटरला ७१ किलोमीटर! ५० टक्के गेले तर साडेतीन लिटर, म्हणजे २८.६ किलोमीटर. २० टक्के गेले तर १७.९. पिन कधीच लावली नाही तर १४.३.

हेच उलट सोडवून पाहा. लिटरला ४६ किलोमीटर मिळवायचे, तर किती टक्के अंतर विजेवर जायला हवे? उत्तर साधारण ६९ टक्के येते. आणि १४ साठी? जवळजवळ शून्य. आमचे ७ लिटर हे ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट आहे.

(जाता जाता: लिटरला किती किलोमीटर ही आपली नेहमीची ‘ॲव्हरेज’ची भाषा येथे फसवी ठरते. १४ वरून १८ वर येणे आणि २८ वरून ७१ वर जाणे, यांत दुसरी उडी प्रचंड वाटते. पण शंभर किलोमीटरमागे वाचलेले पेट्रोल पाहिले, तर पहिल्यात सुमारे दीड लिटर आणि दुसऱ्यात दोन लिटरच्या आसपास. व्यस्त प्रमाण शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.)

म्हणजे प्लग-इन गाडीच्या कागदावरचा आकडा ही भारित सरासरी आहे. त्यातला भार, म्हणजे विजेवर जाणाऱ्या अंतराचा वाटा, गाडीवर मोजता येत नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून विजेवर किती जाते ते मोजता येते, पेट्रोलवर किती पिते तेही मोजता येते. पण मालक किती वेळा पिन लावील हे रोलरवर कसे मोजणार? ते धरून चालावे लागते. नियम करणाऱ्यांनी ते उदारपणे धरले. आपण वस्तूचा गुणधर्म म्हणून वाचतो तो आकडा अर्धाअधिक माणसाच्या सवयीचा असतो. लोखंडाची घनता कोणीही मोजली तरी तीच येते. या गाडीचे ॲव्हरेज तसे नाही.

धरलेले आणि घडलेले यांत किती अंतर आहे ते युरोपात मोजून झाले आहे. २०२१ पासून तेथे नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती इंधन जळले याची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या गाड्यांच्या माहितीवरून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत होत्या, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. प्लग-इन हायब्रिड सरासरी साडेतीन पट सोडत होत्या! पुढे २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी युरोपने ते ‘धरून चालायचे’ प्रमाण बरेच खाली आणले.

आणि आता यातली सगळ्यात बोलकी गोष्ट. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने एका आंतरराष्ट्रीय गटाबरोबर केलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालक वेगळे काढून पाहिले. स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेल्यांचे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर जात होते. कंपनीने दिलेल्या गाड्यांचे फक्त ११ ते १५ टक्के. गाड्या त्याच जातीच्या, रस्ते तेच. कंपनीच्या गाडीचे पेट्रोल कंपनी भरते, घरच्या विजेचे बिल मात्र बहुधा आपण भरतो. शिवाय अशा गाड्या लांबही फार पळतात. मग पिन लावण्यात कोणाला रस असणार?

आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत गच्चीवर सौर बंब आहे आणि ढगाळ दिवसासाठी त्यातच विजेचा हीटर बसवलेला आहे. काही महिन्यांनी काय होते ते वाचकांना ठाऊक असेल. बटण दाबले की पाणी तापते, त्यामुळे वरच्या नळ्यांवरची धूळ पुसायला कोणी जात नाही. ज्या घरी हीटर नाही त्या घरचा बंब मात्र लख्ख असतो. नुसत्या विजेवरची गाडी ही दुसऱ्या घरासारखी. चार्ज केली नाही तर सकाळी ती निघणारच नाही, म्हणून मालक न चुकता चार्ज करतो.

विजेच्या गाडीचे आकडे

याचा अर्थ विजेच्या गाडीचे सगळे आकडे खरे, असे मात्र नाही. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीत ३०.२ युनिटांची बॅटरी होती आणि पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीत तिची धाव ३१२ किलोमीटर भरली होती. भागाकार करा: शंभर किलोमीटरला ९.७ युनिट. चाचणीचा वेग कमी, वातानुकूलन बंद, चढउतार नाही. आपण वर धरलेल्या १५ युनिटांनी हिशेब केला तर २०० किलोमीटर येतात. गाडी घेणाऱ्याने असा भागाकार स्वतः करावा.

वेगाचा परिणाम येथे उलटा जाणवतो. पेट्रोलची गाडी हमरस्त्यावर जास्त ॲव्हरेज देते आणि गावात कमी, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. विजेच्या गाडीचे बरोबर उलट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी १०० ने गेलात तर तो २.८ पट होतो. हा नियम दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे. पण गावातल्या थांबत-थांबत चालण्यात इंजिन इतके वाया घालवते की हमरस्त्यावर त्याला सुख वाटते. मोटर गावात फारसे काही वाया घालवत नाही, म्हणून तिला हमरस्त्यावरचा वारा उघड बोचतो. विजेच्या गाडीने लांबच्या प्रवासाला निघालेल्याला ताशी ८० आणि १०० यांतला फरक चांगलाच कळतो.

घाटाचेही पाहू. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसह १६०० किलोची गाडी धरली, तर वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची केल्यावर जवळजवळ २.४ युनिट येतात. घर्षण आणि वारा यांचा वाटा सोडून निम्मी ऊर्जा जरी परत आली, तरी पुढचे सात-आठ किलोमीटर फुकट! पेट्रोलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. प्लग-इन गाडीतही ती परत मिळते, पण बॅटरीत जागा असेल तरच. लोणावळ्याला रात्रभर पिन लावून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी घाट उतरायला लागलात, तर आलेली ऊर्जा ठेवायची कोठे? मोठ्या बॅटरीच्या मालकालाही हे लागू आहे. वरच्या गावी चार्ज करताना थोडी जागा राखून ठेवावी.

भरायला किती वेळ?

पेट्रोलपंपाच्या नळीतून मिनिटाला साधारण ३५ लिटर पेट्रोल येते. म्हणजे ३१५ युनिट. तासाचे गणित केले तर ही नळी जवळजवळ १९,००० किलोवॅट दराने ऊर्जा ओतत असते! घरातले १५ अँपियरचे सॉकेट देते ३ किलोवॅट, तर हमरस्त्यावरचे जलद चार्जर ५० किंवा १००, काही त्याहूनही जास्त. पेट्रोलची ऊर्जा तीन-चतुर्थांश वाया जाते हे धरूनही पंप कितीतरी पुढे राहतो. वेळेची ही अडचण कोणी लपवण्यात अर्थ नाही.

मात्र रात्री गाडी तशीही आठ-दहा तास उभीच असते. ३ किलोवॅटने प्लग-इनची १२ युनिटे चार तासांत भरतात. ४५ युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर पंधरा तास लागतील, पण रोज ४० किलोमीटर चालवणाऱ्याला रोज सहा-सात युनिटेच भरायची असतात. त्याला दोन-अडीच तास पुरतात. प्रश्न येतो तो लांबच्या प्रवासात, आणि ज्यांची गाडी रस्त्यावर किंवा सोसायटीच्या सॉकेट नसलेल्या जागेत उभी राहते त्यांचा. त्यांना दोन्हींपैकी कोणतीही गाडी घेण्याआधी इलेक्ट्रिशियन आणि सोसायटीचे सेक्रेटरी या दोघांशी बोलावे लागेल. अनेक प्लग-इन गाड्यांना तर जलद चार्जर लावताच येत नाही.

जलद चार्जरवरही ८० टक्क्यांनंतर गती मंदावते. रिकाम्या एस.टी.त माणसे भराभर बसतात, शेवटच्या चार जागा शोधायला वेळ लागतो, तसेच काहीसे लिथियमच्या आयनांचे ग्रॅफाइटच्या थरांमध्ये होते. घाई केली तर ते थरात शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतात आणि बॅटरीला अपाय होतो. म्हणून गाडीच प्रवाह कमी करते. प्रवासात ८० टक्क्यांवर निघणे हेच शहाणपणाचे.

दोन यंत्रांचा प्रपंच

प्लग-इन गाडीच्या काही अडचणी विक्रेता सहसा सांगत नाही, पण त्या फार मजेदार आहेत. समजा, मालक अगदी आदर्श आहे, रोज पिन लावतो. मग इंजिन महिनोन्‌महिने सुरूच होत नाही. पेट्रोल टाकीत पडून शिळे होते, इंजिनातले तेल खाली उतरून भाग कोरडे पडतात. म्हणून व्होल्टमध्ये अशी योजना होती की सुमारे सहा आठवडे इंजिन चालले नाही तर गाडी ते थोडा वेळ स्वतःहून चालवणार, आणि टाकीतले पेट्रोल सरासरी वर्षाचे झाले की ते जाळून संपवणार.

टाकीची गोष्ट याहून गमतीची. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून साध्या गाडीत ती कोळशाच्या डबीत शोषून घेतात आणि इंजिन चालू असताना ती वाफ ओढून जाळून टाकते. इंजिनच चालत नसेल तर डबी भरून वाहणार. म्हणून प्लग-इन गाड्यांत बहुधा दाब सोसणारी बंद टाकी असते. पेट्रोल भरायचे तर आधी बटण दाबायचे, आतला दाब उतरेपर्यंत थांबायचे, मग झाकण उघडते.

उलट बाजूही आहे. अनेक प्लग-इन गाड्यांची मोटर लहान असते. चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोरात पाय दिला की बॅटरी भरलेली असूनही इंजिन मदतीला धावते, आणि तेही गार. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे थंड इंजिनावर एकदम भार येतो तेव्हाचा धूर सगळ्यात वाईट. थंड देशांत गाडीत ऊब हवी म्हणूनही इंजिन सुरू होते. तेलपाणी, फिल्टर, स्पार्क प्लग हे सगळे प्लग-इनच्या मालकाला चुकत नाही, आणि बॅटरीची काळजीही असतेच.

बॅटरीवर ताण कोणाच्या जास्त? रोज ४० किलोमीटर धरा. लहान बॅटरी रोज जवळजवळ रिकामी होते आणि भरते, म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास पूर्ण फेऱ्या. ४५ युनिटांच्या बॅटरीला तेवढ्याच अंतरासाठी पन्नास-पंचावन्न पुरतात. म्हणूनच लहान बॅटरीत काही भाग राखीव ठेवून तिला जपावे लागते.

एक-सहा-नव्वद

प्लग-इनच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात जोरदार युक्तिवाद टोयोटा कंपनीने २०२३ मध्ये मांडला. एका पूर्ण विजेच्या गाडीला लागणाऱ्या बॅटरीच्या कच्च्या मालात सहा प्लग-इन हायब्रिड किंवा नव्वद साध्या हायब्रिड होतात. मग मोजका लिथियम एकाच गाडीत का कोंबायचा? युक्तिवाद उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. बॅटरी बनवताना काही टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्याकडे वीज अजून मुख्यतः कोळशावर होते. एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो धरले आणि चार्ज करतानाची थोडी तूट मोजली, तर शंभर किलोमीटरला विजेची गाडी अप्रत्यक्षपणे साडेअकरा किलो सोडते. पेट्रोलची गाडी नुसत्या धुराड्यातून जवळजवळ चौदा. फरक आहे, पण आज तो फार मोठा नाही. फरक वाढेल तो सूर्य आणि वाऱ्यापासून मिळणारी वीज वाढत जाईल तसा, आणि जुनीच विजेची गाडी तेव्हा आपोआप स्वच्छ होईल.

आता एक-सहाचे गणित करू. प्रत्येक गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते आणि पेट्रोलवर शंभर किलोमीटरला ७ लिटर घेते असे धरू. एक विजेची गाडी वर्षाला ८४० लिटर वाचवते. सहा प्लग-इन गाड्या, निम्मे अंतर विजेवर चालल्या, तर प्रत्येकी ४२० म्हणजे एकूण २,५२० लिटर वाचवतात. तिप्पट! येथे टोयोटाचे म्हणणे पटते. आता निम्म्याऐवजी जर्मनीतल्या कंपनीच्या गाड्यांचे १५ टक्के घाला. प्रत्येकी १२६ आणि सहांचे मिळून ७५६. म्हणजे सहा गाड्यांनी एका गाडीइतकेही पेट्रोल वाचवले नाही. सीमा कोठे आहे ते वेगळे सांगायला नको: एक सहांश, म्हणजे १६.७ टक्के.

म्हणून बाईंच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. घरी स्वतःचे सॉकेट आहे, रोजचे अंतर चाळीस-पन्नासच्या आत आहे, वर्षातून अनेकदा आडवळणाच्या गावी लांब जावे लागते आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरायचे आहे, अशा माणसासाठी प्लग-इन हायब्रिड चांगली गाडी आहे. यांतले शेवटचे कलम आम्ही सगळ्यात महत्त्वाचे मानतो. लांबचे प्रवास मोजके असतील आणि त्या वाटेवर चार्जर असतील, तर दोन यंत्रांचा प्रपंच कशाला? विजेचीच घ्यावी. आणि सरकारने किंवा संस्थेने अनुदान द्यायचे असेल, तर ते कागदावरच्या आकड्याला न देता प्रत्यक्ष भरलेल्या युनिटांना द्यावे.

हे सगळे आम्ही बाईंना पत्राने कळवले आणि सोबत एक छोटा उपक्रम सुचवला. घरातल्या गाडीचे रोजचे किलोमीटर महिनाभर लिहायचे आणि पन्नासच्या रेषेवर व रेषेखाली किती अंतर पडते ते काढायचे. आठवी-नववीच्या मुलांना जमण्यासारखे आहे.

दीड महिन्याने त्यांची वही आली. यजमानांची शाळा २२ किलोमीटरवर, म्हणून २५ दिवस प्रत्येकी ४४ किलोमीटर. तीन दिवस गाडी घरीच. दोन दिवसांत पुण्याला जाऊन-येऊन ४७०. एकूण १,५७०. पन्नास किलोमीटर विजेवर जाणारी प्लग-इन असती आणि घरी रोज रात्री पिन लावली असती, तर शाळेच्या फेऱ्यांचे सगळे ११०० आणि पुण्याच्या वाटेवरचे पहिले ५० किलोमीटर विजेवर, म्हणजे ७३ टक्के. पण बाईंनी वहीत स्वतःहून एक रकाना वाढवला होता: ‘आज रात्री पिन लावली असती का?’ तो यजमानांनी रोज प्रामाणिकपणे भरला होता. दहा रात्रींपुढे ‘नाही’ होते. ‘उशीर झाला’, ‘पाऊस होता’, ‘लाइट गेली होती’, ‘पाहुण्यांची गाडी आड होती’, आणि चार ठिकाणी नुसतेच ‘विसरलो असतो’. त्या दहा रात्री वजा करून, आदल्या दिवशीचे उरलेले सहा-सहा किलोमीटरही न विसरता, बाईंनी खाली पेन्सिलने पुन्हा भागाकार केला होता. ७३ चे ४९ टक्के झाले होते.